डावी काख, उजवी काख

जानेवारीतल्या एका सकाळी रेमेई पावाच्या दुकानातून बाहेर पडली आणि घराकडे जायच्याऐवजी उलट्या बाजूने पार कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत चालत गेली. तेही व्हिलाफोस्कात, जिथे तिने जन्मापासून बासष्ट वर्षं काढली होती. वाट चुकायला हे काय बार्सिलोना आहे? चौक एक, चर्च एक, आणि कुठूनही उतार धरला की माणूस चौकातच येऊन पडतो. ती भिंतीपाशी थांबली. पिशवीतला पाव निवत होता, आणि गाव आपल्या डाव्या हाताला की उजव्या, हेच तिला कळेना. शेवटी चर्चची घंटा वाजली. त्या आवाजाच्या रोखाने ती परत आली, आणि घडला प्रकार तिने कुणालाही सांगितला नाही.

सांगणार तरी कसं? रेमेई आमच्या मनोरा मंडळातल्या पिन्येची प्रमुख. मनोरा बघायला येणारी माणसं वर बघतात. एकमेकांच्या खांद्यांवर चढलेले थर आणि शेंड्याला हात उंचावणारं पोर. टाळ्या त्या पोराला, फोटोही त्याचेच. पण हा सगळा डोलारा ज्यावर उभा असतो ती खाली, बुंध्याशी, दोनशे माणसांची घट्ट रास असते. तिला पिन्या म्हणतात. मधोमध पायाची माणसं. पायाच्या प्रत्येक माणसाच्या दोन्ही काखांत खांदा देऊन उभ्या राहणाऱ्या दोन कुबड्या, म्हणजे जिवंत माणसंच. पाठीला छाती भिडवणारा एक टेकू. मग वर उचललेल्या हातांच्या रांगांमागून रांगा. कुणाची उंची किती, कुणाचे हात लांब, कुणाचा गुडघा दुखरा आणि कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं कुणातरी एकाच्या डोक्यात असावं लागतं. एकोणीस वर्षं ते डोकं रेमेईचं होतं.

ती फळांच्या उलट्या खोक्यावर उभी राहायची आणि नाव घेऊन जागा सांगायची. "मागी, बेनेतची डावी काख." मागी जायचा. का, कशाला, कालपर्यंत तर दुसरीकडे होतो, असलं काही कुणी विचारत नसे. पिन्येची रीतच तशी आहे. एकदा आत शिरलं की हनुवटी छातीला, मान खाली, डोळ्यांसमोर पुढच्याचा शर्ट. शंका काढायला तिथे जागा नसते, श्वास घ्यायलाही बेताचीच. आपल्याला ज्याने उभं केलं त्याला सगळं दिसतंय, एवढ्या भरवशावर माणसं तिथे उभी असतात.

आणि पायाच्या चौघांतला एक तिचा धाकटा भाऊ बेनेत. त्याच्यावर सात थर. त्याचा एक खांदा बोटभर खचला, तर वरच्या पोरीच्या पायाखालचं हातभर सरकतं. हे तिने नव्या मुलांना हजारदा सांगितलं होतं. आता तेच वाक्य तिच्या डोक्यात किड्यासारखं वळवळायला लागलं.

तिच्या हार्डवेअरच्या दुकानातही लक्षणं दिसत होती. स्क्रूचे खण, ज्यांत ती डोळे मिटून हात घालायची, ते आता तिला दोन-दोनदा उघडावे लागत. गाडी मागे घेताना खांब जवळ आहे की लांब, याचा अंदाज येईना. मग एकदा शुक्रवारच्या सरावात खोक्यावर उभं असताना तिच्या डोक्यातलं पिन्येचं चित्र आरशात बघावं तसं उलटं झालं, आणि क्षणभर तिला बेनेतची डावी कोणती तेच समजेना. तिने काहीतरी नाव घेतलं. मनोरा चढला, उतरला. पण दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता बसने शहरातल्या इस्पितळात गेली.

डॉक्टरीणबाई बालसेल्स तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी रेमेईकडून कागदावर घड्याळाचं चित्र काढून घेतलं, घनाकृती ठोकळ्याचं काढून घेतलं, कागदावरच्या आकृत्या मनातल्या मनात फिरवायला लावल्या. रेमेईचं घड्याळ ठीक आलं. ठोकळा मात्र चेपलेल्या डब्यासारखा आला. मग मेंदूचा फोटो काढला, आणि एका रात्री अंगभर वायरी लावून तिला तिथेच झोपवलं.

"झोपेत तुमचा श्वास थांबतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रात्रभर. मेंदू उपाशी राहतो. त्यात रक्तदाब वाढलेला, आणि तो तुम्ही कधी मोजलेला नाही."

"मी घोरते, एवढंच माहीत होतं."

"घोरता ते शेजाऱ्यांनाही माहीत असेल. त्याखाली काय चाललंय ते कुणी बघितलं नाही."

"म्हणजे मला वेड लागत नाहीये?"

"नाही. मेंदूच्या फोटोत बारीक डाग आहेत, ते काही जाणार नाहीत. पण बाकीचं सुधारू शकतं. यंत्र लावून झोपायचं, गोळ्या घ्यायच्या, सिगारेट बंद. रोज चालायचं, आणि रोज वेगळ्या वाटेने. घरी आलात की ती वाट कागदावर काढायची. ठोकळे जुळवायचे. वस्तू मागून कशी दिसेल, वरून कशी दिसेल, ते आधी मनात बघायचं आणि मग उचलून पडताळायचं."

"आणि ऑगस्टच्या जत्रेत पिन्या बांधता येईल?"

डॉक्टरीणबाईंनी आकृत्यांचे कागद गोळा केले. "ते मी कसं सांगू? मनोरे बांधणं माझं काम नाही. तुमच्या माणसांना सांगा. तुम्ही कधी बरोबर आणि कधी चूक, हे त्यांनाच दिसेल."

रेमेईने मान डोलावली. सगळ्या सूचना तिने पाळल्या. शेवटची तेवढी गिळून टाकली.

मग सुरू झाली ती वणवण. रात्री नाकाला नळी लावून झोपायचं. आरशात पाहिलं तर हत्तीची सोंड. पहिले कित्येक दिवस झोप कसली, नुसती तळमळ. सकाळी उठून चालायला. आज गिरणीमागून, उद्या नाल्याच्या काठाने, परवा हेझलनटच्या बागांमधून. परत आली की स्वयंपाकघराच्या टेबलावर पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढायचा. सुरुवातीचे नकाशे बघवत नसत. चर्च नाल्यात आणि शाळा डोंगरावर. ती कागद फाडायची, पुन्हा काढायची, पुन्हा तीच वाट चालून यायची.

गावाच्या नजरेतून काय सुटणार. सादुर्नी कोपऱ्यावरच्या बारमध्ये रोज वर्मूथ घेत बसलेला असायचा. तो तिला हाक मारायचा, "रेमेई, काय हरवलंय? सांग, आम्हीही शोधू लागतो."

"तुझी अक्कल शोधतेय. एवढ्याशा गावात सापडेना."

"मग कुत्रा तरी पाळ. लोकांना वाटेल त्याच्यासाठी फिरतेस."

हा सादुर्नी म्हणजे बेनेतची उजवी कुबडी. बैलासारखा माणूस, डोक्याला कायम पांढरी पट्टी. पंधरा वर्षं तो बेनेतच्या उजव्या काखेला उभा होता, आणि डाव्या काखेला मागी, टक्कल पडलेला, बोलायला कमी. दोघांच्या जागा इतक्या ठरून गेल्या होत्या की रेमेई त्यांची नावं घ्यायची ती नुसती रीत म्हणून.

एप्रिलपर्यंत तिच्या अंगात भिंगरी शिरल्यासारखं झालं होतं. दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना ती काउंटरवरची किटली मनात उलटी करून बघायची. जेवताना ताटातला टोमॅटो लावलेला पाव मागून कसा दिसेल याचा विचार, मग पाव उलटायचा, तेल मांडीवर. झोप मात्र यायला लागली होती, आणि सकाळी डोकं धुतल्यासारखं वाटायचं. पण विश्वास बसेना. नकाशा बरोबर आला तरी वाटे, आज नशिबाने आला. पिन्येत एकही चूक होत नव्हती, तर त्याचीही भीती.

हो, एकही चूक होत नव्हती. थंडीतल्या त्या शुक्रवारनंतर एकदाही मनोरा हलला नाही, कुणी कुरकुरलं नाही. ती नावं घ्यायची आणि पिन्या आपली जुळून यायची. रेमेईला वाटलं, यंत्र लागू पडलं. जूनमध्ये ती पुन्हा इस्पितळात गेली, तर ठोकळा ठोकळ्यासारखा आला. डॉक्टरीणबाईंनी आकृत्या फिरवायला लावल्या. दहापैकी दोन चुकल्या, बाकी आल्या. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण थकलात की पुन्हा चुकाल, हे लक्षात ठेवा. सांगितलंत ना मंडळात?"

"सांगितलं," रेमेई म्हणाली. खोटं बोलताना तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला, आणि तो राग गावी परतल्यावर सरावात गिलेमवर निघाला.

गिलेम तिचा मदतनीस. तिशीतला, शाळेत भूमिती शिकवायचा. त्याने सगळ्यांच्या उंच्या मोजून संगणकावर पिन्येचा आराखडा बनवला होता. रंगीत ठिपके आणि त्यांच्याखाली नावं. तो भिंतीवर दाखवून बघू या, असं तो दोन वर्षं म्हणत होता.

"ठिपक्यांना गुडघे नसतात," रेमेई म्हणाली. "ठिपक्याचं बायकोशी भांडण झालेलं नसतं."

"मान्य. पण तू आजारी पडलीस तर?"

"मी कशाला आजारी पडते?"

गिलेमने बेनेतकडे बघितलं. बेनेतने सरावासाठी कमरेला गुंडाळलेला कापडी पट्टा सोडायला घेतला आणि विषय तिथेच संपला. रेमेईला ती नजर खटकली, पण आपल्याच मनात चोर आहे म्हणून खटकली असेल, असं म्हणून तिने सोडून दिलं.

ऑगस्टची जत्रा आली. यंदा चौघांचा आठथरी मनोरा ठरला होता. मागच्या वर्षी तो अर्ध्यातून उतरवावा लागला होता, आणि शेजारच्या गावच्या मंडळाने वर्षभर आम्हाला त्यावरून छळलं होतं. तेही आज चौकात हजर. उतरवावा लागला तर हसायला, आणि त्याआधी आमच्याच पिन्येत हात द्यायला. आमच्यात तशी पद्धतच आहे. हात द्यायला कुणीही यावं, हसायलाही कुणीही.

सकाळपासून रेमेई एका जागी बसली नव्हती. चौकाला तिने कितीतरी फेऱ्या घातल्या. चारही पाये, आठ कुबड्या, रांगा, ती मनात लावायची, उलट बाजूने बघायची, चर्चच्या पायरीवरून बघायची. चित्र स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की खात्रीसाठी तिने आणखी एक फेरी घातली.

त्या फेऱ्यांमध्येच तिला सादुर्नी दिसला. पाण्याच्या बाटल्यांचे खोके तो गाडीतून उतरवत होता. खोका उचलला, आणि डाव्या खांद्यावर टाकायचा तो उजव्या खांद्यावर टाकला. पुढचाही उजव्यावर. डावा हात नुसता शोभेला, कोपरापासून अंगाला चिकटलेला. सादुर्नी जन्माचा डावखुरा. रेमेई गाडीआड उभी राहून बघत राहिली. मग तो कमरेला पट्टा गुंडाळायला लागला तेव्हाही डावा हात खांद्याच्या वर गेला नाही.

पायाच्या उजव्या बाजूला उभा राहणारा आपला डावा खांदा देतो. तोच खांदा गेलेला. सादुर्नीला विचारलं असतं तर त्याने 'काही नाही' म्हटलं असतं, आणि फार विचारलं असतं तर भांडला असता. जत्रेच्या दिवशी बाहेर बसायची वेळ आली तर तो माणूस रडला असता. रेमेईने मनात दोघांना फिरवलं. सादुर्नी बेनेतच्या डाव्या काखेला, उजवा खांदा देऊन. मागी उजवीकडे. मागीचे दोन्ही खांदे ठणठणीत, उंचीत फरक नाही म्हटलं तरी चालेल. सगळं बसलं. वर्षभरात पहिल्यांदाच तिने पिन्येत काहीतरी नवीन बघितलं होतं आणि ते तिचं तिला दिसलं होतं. तिला इतका आनंद झाला की गिलेमला सांगायचंही राहून गेलं. खरं तर राहून नाही गेलं. सांगितलं नाही.

ती खोक्यावर चढली. चौक गच्च भरला होता. तिने नावं घ्यायला सुरुवात केली, पायाचे चौघे, मग कुबड्या. "मागी, बेनेतची उजवी काख. सादुर्नी, बेनेतची डावी."

दोघं आत गेले. टेकू गेले. हातांच्या रांगा भरायला लागल्या, शेजारगावचे पाहुणेही कडेने येऊन चिकटले. दुसऱ्या थराचे चौघे लोकांच्या खांद्यांवरून चालत गेले आणि पायाच्या माणसांच्या खांद्यांवर उभे राहिले. तिसऱ्या थराने चढायला घेतलं. सनईवाल्यांनी वाद्यं ओठांना लावली. सनई एकदा वाजली की मनोरा सुरू झाला. मग माघार नाही, पडलं तरी आणि चढलं तरी.

रेमेईची नजर सवयीने मधोमध गेली. बेनेतच्या उजवीकडे पांढरी पट्टी. डावीकडे टक्कल.

ती खोक्याच्या कडेपर्यंत सरकली.

आपण काय म्हणालो? डावी म्हणालो की उजवी? की पुन्हा सगळं आरशासारखं उलटलं आणि जे डावं दिसतंय ते उजवं आहे? तिने स्वतःचा डावा हात बघितला, अंगठी त्याच हातात होती. बेनेत तिच्याकडे तोंड करून होता, म्हणजे त्याची उजवी तिच्या डावीकडे. तिने पुन्हा बघितलं. पट्टी तिच्या डावीकडे. म्हणजे बेनेतची उजवी. म्हणजे सादुर्नी चुकीच्या जागी. किंवा तिच्या तोंडून चुकीचं निघालं आणि तिला कळलंच नाही, आणि मागी-सादुर्नी दोघं बिचारे सांगितल्याप्रमाणे उभे राहिले. विचारायचं तर कुणाला? विचारणं म्हणजेच सगळं सांगणं. तिसऱ्या थराची एक पोरगी चढून उभी राहिली होती, दुसरीचा गुडघा वर होता. काही न बोलता चालू दिलं तर कदाचित निभावेल. सादुर्नी बैल आहे, एका खांद्यावर निभावेलही. आणि नाही निभावलं तर?

"उतरवा," रेमेई ओरडली. "खाली उतरवा. पिन्या सोडा."

चौकात कुजबूज पसरली. शेजारगावच्या कुणीतरी शीळ घातली. पोरी उतरल्या, रांगा सैल झाल्या, आणि आतून घामाने निथळलेला बेनेत बाहेर आला.

"काय झालं? बरोबर बसलं होतं."

"सादुर्नी उजवीकडे का आहे?"

"तो उजवीकडेच असतो."

"मी त्याला डावीकडे सांगितलं होतं. सांगितलं होतं की नाही?"

बेनेतने मागीकडे बघितलं. मागी आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"मागी," रेमेई म्हणाली, "मी काय म्हणाले होते?"

"उजवी काख," मागी हळूच म्हणाला. "मला उजवी म्हणालीस."

"मग?"

"आम्हाला वाटलं, तू... म्हणून आम्ही आत गेल्यावर बदललं. नेहमीसारखं."

नेहमीसारखं. रेमेई खोक्यावरून खाली उतरली. "नेहमीसारखं म्हणजे कसं?"

गिलेम पुढे आला. "रेमेई, थंडीत एका शुक्रवारी तू दोघांना उलटं घातलंस. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या पायाचा टेकू. मग मार्चमध्ये मागची सगळी रांग. बेनेत म्हणाला, तिला काही बोलायचं नाही, ती हाय खाईल. ज्याला त्याला आपली जागा माहीत आहे, तर तू काहीही म्हटलंस तरी ज्याने त्याने आपल्या जागी जायचं. असं ठरलं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

म्हणजे दोनशे माणसं. म्हणजे ती वेड्यासारखी गल्ल्या तुडवत होती, सोंड लावून झोपत होती, आणि मंगळवार-शुक्रवारच्या सरावांत ती नावं घ्यायची ती वाऱ्यावर जात होती. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ अशी लाज की चौकातली फरशी दुभंगावी.

"सादुर्नी," ती म्हणाली. "डावा हात वर कर."

"कशाला?"

"कर म्हणते ना."

सादुर्नीने हात उचलला. कानापर्यंत पोचायच्या आतच त्याचा चेहरा वाकडा झाला. "बागेत शिडीवरून घसरलो होतो," तो पुटपुटला. "काही नाही झालेलं."

बेनेतने त्या हाताकडे बघितलं, मग बहिणीकडे. ज्या खांद्याच्या भरवशावर तो आत उभा होता तो खांदा हा.

"मी आज बरोबर होते," रेमेई म्हणाली. "बेनेत, खरं सांग. जूनपासून मी कितीदा चुकले?"

बेनेतने कपाळावरचा घाम पुसला. "कुणाला माहीत. तुझं ऐकून आम्ही उभे राहिलोच कुठे? तू चुकलीस का बरोबर होतीस, बघितलंच नाही कुणी."

हे तिला गिलेमच्या सगळ्या बोलण्याहून जास्त लागलं. दोष कुणाचा म्हणायचा? तिने त्यांना सांगितलं नाही, त्यांनी तिला सांगितलं नाही. एकमेकांना जपण्याच्या नादात सात थरांखाली एक दुखरा खांदा उभा करून बसले होते सगळे.

मग जे इतके महिने गिळलं होतं ते तिने भर चौकात बोलून टाकलं. कब्रस्तानाची भिंत, इस्पितळ, डाग, रात्रीची सोंड. आवाज मोठा होता, पिन्येला हाक मारायचा तोच आवाज, त्यामुळे शेजारगावच्यांनीही सगळं ऐकलं.

"आता गिलेमला सांगू दे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. आवाजात दुष्टावा नव्हता.

रेमेईने गिलेमकडे बघितलं. त्याच्या मनात ते नव्हतं असं नाही, पण तो म्हणाला, "सादुर्नीचा खांदा माझ्या ठिपक्यांत नव्हता. तू सांग. मी समोरच्या बाजूने आराखडा घेऊन बघतो."

"ठीक आहे. पण एक," रेमेई म्हणाली. "मी सांगेन तिथेच जायचं. चूक वाटली तर तोंडाने बोलायचं. मोठ्याने. आत जाऊन परस्पर कुणी बदलायचं नाही. बदललं तर मी हे खोकं सोडून जाईन आणि परत येणार नाही."

पायाचे चौघे गेले. "मागी, बेनेतची उजवी काख." मागी गेला. "सादुर्नी, डावी." सादुर्नी गेला, आणि बेनेतने त्याचा उजवा खांदा काखेत घेताना वर बघून मान हलवली. तिघांचे टेकू, हात, पहिली रांग, दुसरी रांग. पिन्येची रीत मोडलेली सगळ्यांना जाणवत होती. प्रत्येक जण आत शिरण्याआधी क्षणभर थांबून विचार करत होता, आणि तो आत जाईपर्यंत रेमेई पुढचं नाव घेत नव्हती.

"एंग्रासिया, तिसऱ्या पायामागे, चौथ्या रांगेत."

मागीची बायको एंग्रासिया जागची हलली नाही. "चुकलीस, रेमेई," ती म्हणाली. सगळा चौक ऐकत होता. "चौथ्या रांगेत माझे हात पोचत नाहीत. मी दुसऱ्या रांगेत असते."

एकोणीस वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. रेमेईने डोळे मिटले, रांग मनात उभी केली, आणि एंग्रासियाचे आखूड हात तिला हवेत लोंबकळताना दिसले. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "दुसरी रांग. जा."

पुढे काम चालू झालं. शेवटची मोठी जागा उरली, चौथ्या पायाचा टेकू; ती बाजू तिने मोकळी ठेवली होती. रेमेईने शेजारगावच्या एका बुटक्या पोराचं नाव विचारलं आणि त्याला तिथे पाठवलं. नेहमीचा टेकू बाजूलाच उभा होता.

"चूक," समोरून गिलेम म्हणाला. आराखडा त्याच्या हातात होता. "तिथे आपला माणूस हवा. उंचीही जुळत नाही."

आतून बेनेतचाही आवाज आला, दबलेला, "रेमेई, परकं पोर आहे ते."

रेमेईने त्या पोराकडे बघितलं. मग चौथ्या पायाकडे. सकाळपासून त्याचे गुडघे किंचित वाकलेले होते. हे तिने जाता-येता बघितलं होतं, त्याला स्वतःलाही बहुधा माहीत नव्हतं. वाकलेल्या पाठीला नेहमीचा टेकू वर लागला असता, हा पोरगा नेमका खाली, हवा तिथे लागला असता. की हेही तिला नुसतं भासत होतं? थकलात की चुकाल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि ती थकली होती.

"तुला नक्की माहीत आहे?" गिलेमने विचारलं. तो टोमणा नव्हता. त्याला खरंच हवं होतं उत्तर.

सगळे थांबले. दोनशे माना वर झाल्या. इतके महिने ज्यांनी तिचं ऐकायचं सोडलं होतं ती सगळी माणसं आता ऐकत होती.

"नक्की नाही," रेमेई म्हणाली. "पण मला दिसतंय."

गिलेमने आराखडा खाली घेतला. बुटक्या पोराने चौथ्या पायाच्या पाठीला छाती लावली, आणि त्याच्यामागे उरलेले हात आले. माना खाली गेल्या, एकामागून एक, आणि मग सनई वाजली.